सुतार अप्रेंटिसशिप, वाळूज: पगार समजला, धार नाही

आयटीआयला सुतार ट्रेड करून मी वाळूजच्या (छत्रपती संभाजीनगरजवळ) एका फर्निचर कंपनीत अप्रेंटिस आहे. स्टायपेंडचा, म्हणजे शिकताना मिळणाऱ्या पगाराचा, अडकलेला सरकारी वाटा एकदाचा हाती आला म्हणून शांतपणे लिहितोय. गेल्या महिन्यात लिहिलं असतं तर भाषा वेगळी असती.

अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी, कंपनीशी करार, हे सगळं सोडतो. माझा स्टायपेंड सात हजार. त्याचे २५ टक्के १,७५० होतात, पण सरकार देतं जास्तीत जास्त १,५००. बाकीचे साडेपाच हजार कंपनी देते, ते वेळेवर येत होते. हे दीड हजार मात्र गायब. कंपनी म्हणे पोर्टलवर जमा दिसतंय, बँक म्हणे आलेच नाहीत. शेवटी कळलं की हे पैसे पासबुकाच्या झेरॉक्सवर जातच नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. माझे पडत होते शाळेत शिष्यवृत्तीसाठी परभणीला काढलेल्या खात्यात. रांजणगावच्या खोलीत माझ्या वाट्याचं भाडंच तेवढं आहे, त्यामुळं रक्कम किरकोळ आहे असं मला कुणी सांगू नये. करारावर सही करण्याआधी माय आधार या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते, बघा.

आता कामाचं. माझी तक्रार एकच: धार लावायला कुणी शिकवत नाही. आयटीआयच्या वहीत आकृती आहे. रंध्याचं पातं ग्राइंडरवर २५ अंशात, मग दगडावर ३० अंशात. पण दगड एक आणि पोरं ढीगभर. कंपनीत आलो तर लाकूडच नाही. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (दोन्ही लाकडाचा चुरा-भुसा दाबून केलेले बोर्ड), सनमायका. ब्लेड बोथट झालं की बाहेर धारेला जातं. स्टोअरमध्ये एक रंधा सापडला, त्याचं पातं कुणीतरी ग्राइंडरवर दाबून निळं पाडलेलं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला, मग कितीही घासा, धार टिकत नाही. सुपरवायझर म्हणाले, "रंधा कामून पाहिजे तुला इथं?" करारावर ट्रेड 'सुतार' लिहिलाय, म्हणून पाहिजे!

पहिले काही महिने मी पाचपैकी दोनच गुण दिले असते. मग असेंब्लीवर टाकलं आणि मत हललं. कपाटाच्या बाजूला दर ३२ मिलिमीटरवर एक अशी भोकांची रांग, बिजागरीच्या वाटीला ३५ मिलिमीटरचं भोक. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की टेप कमी काढावा लागतो. पॅनल सॉला (बोर्ड कापायचं मशीन) मोठ्या ब्लेडपुढं एक लहान ब्लेड असतं. ते उलट फिरून खालून आधी रेघ मारतं, म्हणून सनमायकाचे टवके उडत नाहीत. दिवाळीत गावी मामांसोबत एका घरी किचनची कपाटं बसवली. दारं वाकडी दिसायला लागली तशी मामांनी ती काढून तासायची तयारी केली. मी बिजागरीचे स्क्रू फिरवले, फटी सारख्या झाल्या. "हे कंपनीत शिकवलं का रे?" शिकवलं, मामा. साडेतीन गुण.

पण धार शेवटी मामांनीच शिकवली, एका संध्याकाळी. घासता घासता कड उलटून बोटाला लागते, तेव्हा पात्याची पाठ दगडावर सपाट धरून ती काढायची. हे वहीत असेलही; बोटाला कळायला हात धरणारा लागतो. मामांनी बाभळीच्या बैलगाड्या केल्यात, आता चौकटी करतात. त्यांच्याकडं मला अप्रेंटिस लागता येत नाही, कारण किमान चार माणसांची आस्थापना लागते आणि तिथं मामा आणि एक पोरगा. कारागिरांसाठीची केंद्राची विश्वकर्मा योजना मात्र मामांना लागू: पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, औजारांसाठी १५,००० चं व्हाउचर. ज्याला येतं त्याला शिकवायची सोय आहे. ज्याला शिकायचंय त्याला त्याच्याकडं पाठवायची नाही.

बाकी कॅन्टीन बरं आहे. पीएफ, ईएसआय नाही, कारण कायद्यानं अप्रेंटिस कामगार नाही. पण कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क आहे, कराराची प्रत जवळ ठेवा. एमडीएफचा भुसा नाकात बसतो, मास्क मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

दगड शेवटी मीच शहागंजातून आणला. बिल स्टोअरला दिलं तर म्हणाले, औजारांच्या यादीत बसत नाही. आता रात्री खोलीवर घासतो. पार्टनर आवाजानं वैतागलाय, पण परवा त्यानंच कांदा कापायचा चाकू पुढं केला.