लाल ऑक्टाव्हिया 'आरएस' घेताय? आधी हे वाचा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणी सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस (साध्या ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची, महागडी आवृत्ती) शोधत असाल, तर टोकन देण्याआधी एवढं वाचा. माझ्या धाकट्या भावाला घोडबंदर रोडवरच्या एका डीलरने साधी १.८ पेट्रोल ऑक्टाव्हिया 'आरएस २३०' म्हणून विकली. गाडी लाल, एमएच ०४ पासिंगची. मागेपुढे आरएसचे बिल्ले, काळी जाळी, डिकीवर स्पॉयलर, चाकांमागे लाल ब्रेक कॅलिपर, सीटवर लाल शिवण. काम इतकं सफाईदार की भल्याभल्यांना बाहेरून कळणार नाही.

दोन्ही गाड्यांतला फरक बिल्ल्याचा नाही, तो इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये आहे. स्कोडाने २०१७ मध्ये आरएस २३० आपल्याकडे आणली तेव्हा तिची शोरूम किंमत साडेचोवीस लाखांच्या वर होती. १९८४ सीसीचं इंजिन, २३० पीएस (अश्वशक्ती), ३५० न्यूटन मीटर टॉर्क (ओढ) आणि वेट क्लचचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १.८ चं इंजिन १७९८ सीसीचं, १८० पीएस, २५० न्यूटन मीटर, आणि डीएसजी सात गिअरचा, ड्राय क्लचवाला. आरएस मोजक्याच आल्या, पुढे २०२० मध्ये आरएस २४५ आली ती तर फक्त २००. म्हणून शौकीन लोक आरएससाठी साध्या ऑक्टाव्हियापेक्षा काही लाख जास्त मोजायला तयार असतात. या डीलरने नेमके तेच काही लाख उकळले.

टेस्ट ड्राइव्हला शंका आली नाही, कारण इंजिन रीमॅप केलेलं, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेलं होतं. गाडी दणकून पळत होती. मूळ आरसी मागितली तर म्हणाला, "दादा, हायपोथिकेशन (कर्जाची नोंद) उतरवायला टाकलंय, आरसी तिकडे अडकलीय." हातात झेरॉक्स दिली, त्यात सीसीची ओळ वाचताच येत नव्हती. ट्रान्सफरचं सगळं मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा, हेही वर होतंच.

बिंग फुटलं ते पाम बीच रोडवर. भाऊ मॅन्युअल मोडमध्ये चालवत होता, मी शेजारी. गिअर चढत गेले आणि मीटरवर आकडा आला ७. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हिला तर सहाच पाहिजेत ना?"

तिथून गाडी तडक तुर्भ्याला ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली. त्या खड्ड्यात कंपनीचं एक पांढरं स्टिकर असतं: चासी नंबर, मॉडेल, इंजिनची ताकद किलोवॅटमध्ये, गिअरबॉक्स आणि रंगाचे कोड. आमच्या गाडीत ते कुणीतरी पात्याने खरवडलं होतं, पण घाईत. मोबाइलच्या टॉर्चखाली '132' एवढे आकडे स्पष्ट दिसले. १३२ किलोवॅट म्हणजे १८० पीएस. आरएस २३० वर तिथे १६९ असतं. मग त्याने कॅलिपरवर नखाने खरडलं, लाल रंगाचा पापुद्रा निघाला. "साहेब, ही आरएस नाही. नुसते कपडे घातलेत." रीमॅपबद्दल तो जे बोलला ते जास्त काळजीचं होतं: हा ड्राय क्लच २५० न्यूटन मीटरच्या हिशेबाने बनवलेला आहे, वाढीव टॉर्कने तो कधी बसेल सांगता येत नाही, आणि बसला की खर्च मोठा.

यथावकाश आरसी आली. १७९८ सीसी. डीलरचं उत्तर तयार होतं: "आरटीओत एन्ट्री चुकलीय, असं होतं."

काही गाडीवेडे मित्र म्हणाले, पळतेय ना मस्त, दिसतेय ना आरएससारखी, मग सोड. मला हे अजिबात पटत नाही. बीटलच्या सांगाड्यावर पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या नकला जगभर बनतात, पण त्या नक्कल म्हणून विकल्या जातात आणि लोक हौसेने घेतात. त्यात गैर काही नाही. स्वतःच्या गाडीला कुणी आरएसचा बंपर लावला तरी माझी हरकत नाही. नक्कल लपवून अस्सलचे पैसे घेणं ही चोरी आहे, आणि घेणाऱ्याचं नुकसान तिथे थांबत नाही. विम्याची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) मूळ मॉडेलच्या किमतीवरून ठरते, म्हणजे गाडी चोरीला गेली तर पैसे १.८ चेच मिळणार. न कळवलेल्या रीमॅपवरून क्लेम अडू शकतो. आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, तर छेडछाड केलेली गाडी म्हणून साध्या ऑक्टाव्हियाचा भावसुद्धा येत नाही.

आम्ही वकिलाची नोटीस धाडली. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, 'आरएस २३०' लिहिलेली टोकनची पावती आणि त्या स्टिकरचे फोटो सोबत जोडले. ग्राहक आयोगात जाऊ म्हटल्यावर तो नरमला. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, तेही त्याच्याकडे नव्हतं. बरीच ओढाताण होऊन त्याने गाडी परत घेतली आणि 'वापराचे' म्हणून बरीच रक्कम कापून उरलेले पैसे दिले. तुमच्यावर अशी वेळ आली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तोंडी बोलण्यावर काही सोडू नका. आमची पावती नसती तर तो दाद देणार नव्हता.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ती गाडी पनवेलच्या बाजूला पुन्हा विक्रीला लागली आहे, आणि जाहिरातीत पुन्हा 'आरएस २३०' असंच लिहिलंय. नंबर इथे देत नाही. लाल रंग, एमएच ०४, ड्रायव्हर बाजूच्या पुढच्या कॅलिपरवर नखाएवढा रंग उडालेला, स्टेपनीखालचं स्टिकर खरवडलेलं. बघायला गेलात तर मूळ आरसी हातात घेऊन सीसी वाचा, आणि ती नाही म्हणाला तर तिथूनच मागे फिरा.