आशांसाठीचं लैंगिक छळ प्रतिबंध प्रशिक्षण: दुपारचं सत्र चुकवू नका

मी अकरा वर्षं आशा आहे. तालुक्याला झालेलं एक दिवसाचं प्रशिक्षण करून आले, म्हणून लिहितेय. दुसऱ्या तालुक्यातल्या ताया विचारतायत, जावं का? जा. फक्त सकाळी धीर धरा.

सकाळी पडद्यावर केबिन, कॉम्प्युटर, टाय लावलेला साहेब. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष बाईच, निम्मे तरी सदस्य बायका. माहिती बरोबर होती. पण आमचं ऑफिस म्हणजे खांद्यावरची पिशवी आणि लोकांची घरं. शेजारच्या ताईने माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'हे आपल्यासाठी नाही गं.'

जेवणानंतर वकील मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि भंवरी देवींबद्दल सांगायला लागल्या. राजस्थानातलं भटेरी गाव. भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या, आपल्यासारख्याच मानधनावर. वर्षाचीही नसलेल्या मुलीचं लग्न थांबवायला गेल्या, कारण तेच काम त्यांना नेमून दिलं होतं. त्याचा राग धरून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने बलात्काराच्या आरोपातून सगळ्यांना सोडून दिलं.

मला ऐकवेना. गेल्या वैशाखात मीही एक बालविवाह थांबवायला १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला होता. कुणी लावला ते गावात फुटलं, आणि पुढचा महिनाभर त्या आळीत व्हिजिटला जाताना मी नवऱ्याला सोबत नेत होते. हे मी कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

पुढचं मॅडमनी फार सोपं करून सांगितलं. विशाखा आणि इतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हा कामाच्या जागी होणाऱ्या छळावर देशात वेगळा कायदाच नव्हता. पण स्त्रियांवरचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार, ज्याला 'सीडॉ' म्हणतात, तो भारताने १९९३ मध्ये मान्य केला होता. कोर्टाने घटनेतले हक्क त्या कराराच्या जोडीने वाचले आणि १३ ऑगस्ट १९९७ ला नियम घालून दिले. निकाल देणाऱ्या तिघांत मुंबईच्या न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या. संसदेचा कायदा यायला मात्र २०१३ उजाडलं.

मग मागून एकीने विचारलं, "मॅडम, आम्ही तर स्वयंसेविका. आम्हाला कर्मचारी कोण धरणार?" मॅडमनी पुस्तक उघडून कलमच वाचलं. मोबदला मिळो न मिळो, स्वयंसेवी काम असलं तरी ती बाई कर्मचारी. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती कामाची जागा, राहतं घरसुद्धा. म्हणजे बाळंतिणीचं घर ही माझी कामाची जागा. हे अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळची सुरुवातच इथून करायला हवी होती.

तक्रार कुठे करायची, याला शेवटची दहा मिनिटं मिळाली. ही मोठी चूक. तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची; लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे तक्रार दिली, तर त्याने ती सात दिवसांत तिकडे पाठवायची.

पत्रक मराठीत आहे, अक्षर मोठं आहे, घरी सासूबाईंनीही वाचलं. पण 'नोडल अधिकारी' याच्यापुढे नुसत्या टिंबांची ओळ. विचारलं तर म्हणाले, नंतर कळवू. तीन आठवडे वाट पाहिली. मग बुधवारी मीच कचेरीत गेले, तीन टेबलं फिरले, नाव आणि नंबर घेतला आणि सगळ्यांच्या पत्रकावर पेनाने लिहून दिला.

पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन दुपारच्या सत्राचे. पत्रक हातात पडलं की आधी ती ओळ बघा. रिकामी असेल तर चहाच्या आधीच हात वर करा.