५० स्लाइडची पेटी: तीन आठवडे वापरून

पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आमच्याकडे एका मायक्रोस्कोपमागे सहा जण. माझी पाळी येईपर्यंत कुणीतरी स्लाइड सरकवलेली असते आणि मला दिसतो तो हवेचा बुडबुडा. शेवटी रूममेट आणि मी मिळून तयार स्लाइडची, म्हणजे रोगट अवयवांचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्यांची, पेटी मागवली. २,८०० रुपये, निम्मे निम्मे. मायक्रोस्कोप तिच्या ताईचा जुना, होस्टेलच्या खिडकीत मांडलेला.

किडनीच्या इन्फार्क्टची, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाची, स्लाइड झकास निघाली. लो पॉवरला ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे गुच्छ), नळ्या, सगळं जागच्या जागी. हाय पॉवर लावली की लक्षात येतं, गल्ली तशीच आहे पण घरांत कुणी नाही. पेशींचे आकार शाबूत, न्यूक्लियस गायब. कडेला आक्रसून शाईच्या थेंबाएवढे झालेले काही न्यूक्लियस सापडले, तेच पिक्नोसिस. पेशी मेल्या तरी त्यांचा साचा टिकतो, अशा या मरणाची, म्हणजे कोअ‍ॅग्युलेटिव्ह नेक्रोसिसची, व्याख्या मी चार वेळा पाठ केली होती, ती त्या दिवशी कळली.

फॅटी लिव्हरही छान. पेशीत गोल पांढरी पोकळी, न्यूक्लियस कडेला ढकललेला. रूममेट म्हणाली, "ही बघ चरबी." चरबी कुठली! ती स्लाइड तयार होतानाच झायलीन वगैरे द्रावकांत विरघळून गेली, आपण बघतो ती तिची रिकामी जागा. चरबीच बघायची तर फ्रोझन सेक्शन (गोठवून कापलेला काप) घेऊन ऑइल रेड ओ हा चरबी रंगवणारा रंग लावावा लागतो. व्हायवाला हमखास विचारतात हे.

सुजलेल्या अपेंडिक्सची स्लाइड ठीक आहे, स्नायूच्या थरात न्यूट्रोफिल (सूज आली की धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) स्पष्ट दिसतात. टीबीच्या लिम्फ नोडची (लसिका गाठीची) स्लाइड मात्र इतकी जाड कापलीय की न्यूक्लियसवर न्यूक्लियस चढलेत. लँगहान्स जायंट सेल, म्हणजे न्यूक्लियस घोड्याच्या नालेसारखे मांडलेली मोठी पेशी, तिची नाल शोधता शोधता डोळे दुखले. काँगो रेडची स्लाइड तर आमच्या काही कामाचीच नाही. काँगो रेड या रंगाने रंगवलेल्या अमायलॉइडचा (ऊतींत साठणाऱ्या एका प्रथिनाचा) तो सफरचंदी हिरवा रंग दिसायला पोलराइज्ड लाइट, म्हणजे खास फिल्टरमधून आलेला उजेड, लागतो, आमच्या मायक्रोस्कोपखाली नुसता विटकरी रंग. विकताना एका ओळीत सांगायला काय जात होतं?

खरा राग १९ नंबरच्या स्लाइडचा. लेबल उलट्या बाजूला चिकटवलेलं, त्यामुळे कव्हरस्लिप (कापावरची पातळ काच) खाली गेली आणि लेन्ससमोर स्लाइडची जाड काच आली. १०एक्सला चित्र आलं, ४०एक्सला काही केल्या फोकस होईना. मी नॉब फिरवत राहिले आणि कट्! काचेला तडा. लेन्स वाचली, नशीब. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "मॅडम, स्लाइड काचेचीच असते." बदलून काही मिळाली नाही.

तरी पैसे वाया गेले असं नाही वाटत. जर्नलमधली माझी चित्रं आता दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवलेली नसतात. घेणार असाल तर स्लाइड लावण्याआधी नख फिरवून कव्हरस्लिपची कड कुठल्या बाजूला लागते ते बघा, लेबलावर जाऊ नका. आणि काँगो रेडऐवजी दुसरं काही द्या म्हणून आधीच सांगून ठेवा.