स्लाइडवर पेशी पांढऱ्याफटक दिसतायत, आता नाव काय द्यायचं? तोंडातल्या क्लिअर सेल गाठींची तुलना

टाळूची बायोप्सी, पन्नाशीची बाई, दोन सेंटिमीटरची न दुखणारी गाठ, स्लाइड लावली तर अर्ध्याअधिक पेशी धुऊन काढल्यासारख्या पांढऱ्या, मधे बारकंसं न्यूक्लिअस, आणि तिकडे सर्जनचा दोनदा फोन येऊन गेलेला की मॅडम रिपोर्ट कधी देताय. माझे पीजीचे विद्यार्थी इथे हमखास अडकतात आणि पुस्तकातली वीस नावांची यादी म्हणून दाखवतात. यादी पाठ असून काही होत नाही, कारण समोरच्या स्लाइडसाठी त्यातली तीन-चार नावंच खरी स्पर्धेत असतात. मी ती कशी निवडते ते सांगते.

आधी एक बघून घ्या, पेशी खरंच क्लिअर आहेत की बाटलीने केल्यात. त्याच सेक्शनच्या कडेला नॉर्मल लाळग्रंथी असेल तर तिच्याकडे नजर टाका, तिथलेही सेल फुगलेले, पोकळ दिसत असतील तर दोष फिक्सेशनचा, म्हणजे तुकडा टिकवण्याच्या प्रक्रियेचा आहे, फॉर्मलिन कमी पडलं किंवा तुकडा उशिरा बुडवला. नॉर्मल भाग ठीक असेल तर मग पेशीत काय होतं हा प्रश्न. ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असू शकतं, चरबी असू शकते, म्युसिन (चिकट स्राव) असू शकतं, नाहीतर पेशीत ऑर्गनेल्सच (पेशीच्या आतले छोटे भाग) कमी असतात. चरबी तर अल्कोहोल आणि झायलीनमध्येच विरघळून जाते, त्यामुळे मेणाचा ब्लॉक बनल्यावर ऑइल रेड ओ (चरबीचा रंग) मागवायला येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवते, त्याला फ्रोझन सेक्शन, म्हणजे गोठवून कापलेला तुकडा लागतो.

पीएएस (ग्लायकोजेन आणि म्युसिन दोन्हींना चढणारा रंग) मात्र जोडीनेच करा, एक साधा आणि एक डायस्टेस (ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम) देऊन. डायस्टेसने रंग गेला तर ग्लायकोजेन, राहिला तर म्युसिन किंवा झायमोजेनचे (पाचक एन्झाइमचे) दाणे किंवा बेसमेंट मेंब्रेनचं (पेशींखालच्या पातळ पडद्याचं) मटेरियल. डायस्टेसची बाटली संपली असेल तर जुने टेक्निशियन स्लाइडवर चक्क स्वतःची थुंकी टाकतात, थुंकीत अमायलेज असतंच, आणि ते काम करतं हो, हसू नका. पण सोबत लिव्हरचा कंट्रोल (ग्लायकोजेन नक्की असलेला, एन्झाइम चालतंय का दाखवणारा तुकडा) लावा. मी एकदा कंट्रोल न लावता "डायस्टेस रेझिस्टंट, म्हणजे म्युसिन" असं मनात धरून म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमाचा (लाळग्रंथीचा एक कॅन्सर) ड्राफ्ट टाइप केला होता, दुसऱ्या दिवशी कळलं की एन्झाइमच मेलेलं होतं. रिपोर्ट गेला नव्हता म्हणून वाचले.

आता टाळूवरचा मुख्य सामना, हायलिनायझिंग क्लिअर सेल कार्सिनोमा विरुद्ध म्युकोएपिडर्मॉइडचा क्लिअर सेल प्रकार. पहिल्याचं नाव १९९४ मध्ये रुळलं, २०१७ च्या डब्ल्यूएचओच्या गाठींच्या वर्गीकरणाच्या पुस्तकात नुसतं क्लिअर सेल कार्सिनोमा झालं आणि २०२२ च्या आवृत्तीत हायलिनायझिंग पुन्हा जोडलं गेलं, त्यामुळे जुने पेपर वाचताना गोंधळ होतो, गाठ तीच आहे. आवडत्या जागा टाळू आणि जिभेचं मूळ, बायकांमध्ये जास्त, वाढ संथ. स्लाइडवर एकसारख्या दिसणाऱ्या पेशी, दोऱ्यांसारख्या रांगा आणि छोटे पुंजके, त्यांच्या भोवती घट्ट गुलाबी हायलिन (काचेसारखं एकजीव दिसणारं मटेरियल), काही पेशी क्लिअर आणि काही फिकट गुलाबी. मायटोसिस (विभागणारी पेशी) शोधून शोधून दमायला होतं. पण नर्व्हच्या भोवती शिरलेला बऱ्याचदा दिसतो, तेव्हा "इतका शांत चेहरा, मग बिनाइनच (कॅन्सर नसलेली) असेल" म्हणून सोडू नका.

म्युकोएपिडर्मॉइड ही लाळग्रंथींची सगळ्यात कॉमन मॅलिग्नन्सी (कॅन्सर), म्हणून डोकं आपोआप तिकडेच जातं. तिच्यात बघायचं ते म्हणजे सिस्टसारख्या जागा आणि त्यांच्या भिंतीला लागलेल्या फुगीर म्युकस पेशी, सोबत इंटरमिजिएट (मधल्या) आणि एपिडर्मॉइड (त्वचेसारख्या) पेशी. म्युसिकार्मिन (म्युसिनचा रंग) लावलं की त्या लालभडक उठतात. पण इथेच पाय घसरतो, कारण हायलिनायझिंगवाल्यातही थोडं म्युसिन सापडतं. म्हणजे "म्युसिन पॉझिटिव्ह" एवढ्यावर निकाल देऊ नका. पी६३ आणि पी४० हे मार्कर (पेशीतलं ठरावीक प्रथिन दाखवणाऱ्या टेस्ट) तर दोघांतही पॉझिटिव्ह येतात, त्यांच्यावर या जोडीसाठी पैसे घालवण्यात अर्थ नाही. माझा कौल असा, सिस्टिक जागा आणि तीन प्रकारच्या पेशी ठळक दिसल्या तर म्युकोएपिडर्मॉइड, एकसुरी दोऱ्या आणि हायलिन असेल तर हायलिनायझिंगवाला, आणि अगदीच मधलं काही दिसलं तरच फिश टेस्ट (जीन तुटलाय का दाखवणारी). फिशमध्ये हायलिनायझिंगसाठी ईडब्ल्यूएसआर१ हा जीन तुटलेला आहे का बघतात (तो तुटून ज्याला जोडला जातो तो जीन बहुतेक वेळा एटीएफ१, हे २०११ मध्ये समजलं), म्युकोएपिडर्मॉइडसाठी एमएएमएल२ हा जीन.

एक खरं सांगते, पेशंटला फिशचा खर्च सांगायच्या आधी सर्जनला विचारा की त्याने काय बदलणार आहे. हायलिनायझिंग आणि लो ग्रेड (कमी आक्रमक) म्युकोएपिडर्मॉइड दोघांनाही भोवतीच्या निरोगी मार्जिनसकट नीट काढणं हाच मुख्य उपचार. मग कधीकधी "लो ग्रेड सलायव्हरी कार्सिनोमा, क्लिअर सेल फीचर्स, दोन शक्यता" असं लिहून पूर्ण गाठ आल्यावर पक्कं करणं जास्त शहाणपणाचं. थीसिससाठी फिश करायचं असेल तर ते थीसिसच्या खात्यातून करा, पेशंटच्या खिशातून नको.

पॅरोटिडमध्ये (कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथीत) चित्र वेगळं. तिथे आधी एपिथेलियल-मायोएपिथेलियल कार्सिनोमा मनात आणा. याची खूण म्हणजे दुहेरी नळी, आत गुलाबी डक्टच्या पेशींची एक ओळ आणि बाहेर क्लिअर मायोएपिथेलियल (नळी आवळणाऱ्या) पेशींचा जाड थर, प्रत्येक नळीभोवती बेसमेंट मेंब्रेनची गुलाबी पट्टी. एकदा बघितली की विसरत नाही. मार्करपैकी आतल्या ओळीला सीके७ आणि ईएमए उमटतात, बाहेरच्या थराला पी६३, एसएमए, कॅल्पोनिन, एस१००. हायलिनायझिंग क्लिअर सेलमध्ये एस१००, एसएमए आणि कॅल्पोनिन येत नाहीत, त्यामुळे ही जोडी दोन-तीन मार्करमध्ये सुटते आणि इथे पैसे खर्च करणं वाजवी आहे. अडचण येते ती तुकडा छोटा असेल तर. पंच बायोप्सीत (गोल पात्याने काढलेल्या छोट्या तुकड्यात) नेमका बाहेरच्या थराचाच भाग आला आणि आतली ओळ राहून गेली, तर तो क्लिअर सेल मायोएपिथेलिओमा वाटतो, आणि मायोएपिथेलिओमा (बिनाइन) की मायोएपिथेलियल कार्सिनोमा हे ठरतं गाठ आजूबाजूला घुसलीय का यावर, जे तांदळाएवढ्या तुकड्यात दिसणारच नाही. अशा वेळी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की कड बघायला मिळालेली नाही. सर्जन चिडतो, चिडू द्या.

पॅरोटिडमधले बाकीचे दोन पटकन. असिनिक सेल कार्सिनोमात पूर्ण क्लिअर भाग क्वचित असतो आणि बऱ्याचदा तो फिक्सेशनचाच प्रताप, शेजारी जांभळ्या दाण्यांच्या पेशी शोधा, डायस्टेसनंतरही टिकणारे दाणे मिळाले की झालं, हवंच असेल तर डॉग१ हा मार्कर. क्लिअर सेल ऑन्कोसायटोमात कुठेतरी नेहमीचे दाणेदार गुलाबी ऑन्कोसाइट डोकावतातच, अजून दोन-तीन सेक्शन कापा.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते. किडनी.

काही वर्षांपूर्वी एक हिरडीची गाठ आली होती, साठीचे गृहस्थ, फॉर्मवर "पायोजेनिक ग्रॅन्युलोमा?" (हिरडीवरची कॅन्सर नसलेली रक्ताळ गाठ) एवढंच, हिस्ट्रीचा रकाना कोरा. बायोप्सी करणाऱ्याने खाली लिहिलं होतं की रक्त थांबायला खूप वेळ लागला. स्लाइडवर क्लिअर पेशींचे पुंजके आणि मधे पातळ रक्तवाहिन्यांची जाळी, ठिकठिकाणी रक्त सांडलेलं. मी मायनर सलायव्हरी ग्लँडचा क्लिअर सेल कार्सिनोमा लिहून मोकळी होणार होते. मग डोक्यात आलं, अरे, हाडाला चिकटलेल्या हिरडीत लाळग्रंथी असतातच कुठे! फोन लावला, पेशंटच्या मुलाने उचलला. किडनीचं काही ऑपरेशन झालं होतं का विचारलं. "हो, अकरा वर्षं झाली, एक काढलीय. पण ते पोटाचं होतं ना, दाताच्या डॉक्टरला कशाला सांगायचं?" त्याचं काय चुकलं, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

रीनल सेल कार्सिनोमा, म्हणजे किडनीचा कॅन्सर, अशीच सवय असलेला आहे, किडनी काढून दहा वर्षं झाल्यावरही दुसरीकडे उगवतो, आणि कधी तर किडनीची गाठ माहीत होण्याआधी तोंडातलीच पहिली दिसते. तोंडाच्या मऊ भागात येणाऱ्या मेटास्टेसिसची (दुसरीकडून पसरून आलेल्या गाठीची) सगळ्यात नेहमीची जागा हिरडी, मग जीभ, आणि हाडात आली तर खालच्या जबड्याचा मागचा भाग. पीएएसवर विसंबलात तर फसाल, कारण याच्यातही ग्लायकोजेन भरपूर, डायस्टेसने तसंच निघून जातं, हायलिनायझिंगसारखंच. फरक असा बघा, किडनीवाल्यात जाळीदार रक्तवाहिन्या आणि सांडलेलं रक्त, हायलिनायझिंगमध्ये घट्ट गुलाबी तंतू आणि रक्त जवळजवळ नाहीच. मार्करमध्ये किडनीवाला पॅक्स८ पॉझिटिव्ह, पी६३ निगेटिव्ह, लाळग्रंथीवाला बरोब्बर उलटा. सीडी१० एकट्यावर जाऊ नका, ते इतर ठिकाणीही उमटतं. आणि पॅक्स८ आलं म्हणून थायरॉइड विसरू नका, तोही पॅक्स८ दाखवतो, शंका असेल तर थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडचा मार्कर) लावा.

म्हणून पेशंटला चारच मार्कर परवडणार असतील तर मी पी४०, एस१००, एसएमए आणि पॅक्स८ मागवते. वीस मार्करचं पॅनेल आलं की डोकं थांबतं, असं माझं मत, इतरांचं वेगळं असू शकतं. त्यातूनही एकच परवडत असेल तर पॅक्स८, कारण लाळग्रंथीतली दोन नावं एकमेकांत चुकली तर ऑपरेशन साधारण तेच राहतं, पण किडनी चुकली तर पेशंटचा अर्धा टाळू उगाच जातो आणि पोटाचा सीटी कोणी करतच नाही.

जबड्याच्या हाडातून आलेला तुकडा असेल तर सगळा पट बदलतो. तिथे सामना क्लिअर सेल ओडोन्टोजेनिक (दात बनवणाऱ्या पेशींतून येणारा) कार्सिनोमा आणि पिंडबोर्ग ट्यूमरचा क्लिअर सेल प्रकार यांचा, किडनी अर्थातच इथेही रांगेत उभी. पिंडबोर्ग म्हणजे कॅल्सिफाइंग एपिथेलियल ओडोन्टोजेनिक ट्यूमर, १९५५ चं वर्णन. हे डॅनिश गृहस्थ नंतर मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या लोकांबरोबर तंबाखू आणि तोंडाच्या रोगांची खेड्यापाड्यातली सर्वेक्षणं करत होते, पुणे जिल्ह्यातही, त्यामुळे नाव परकं असलं तरी माणूस आपल्याकडे येऊन गेलेला. यात गुलाबी गोळे असतात ते अमायलॉइड (साचलेलं प्रथिन), काँगो रेड लावून पोलराइज्ड लाइटखाली बघा, हिरवट सफरचंदी चमक येते. शिवाय कॅल्सिफिकेशनच्या गोल रिंगा, आणि एक्स-रेवर बऱ्याचदा न उगवलेला दात.

क्लिअर सेल ओडोन्टोजेनिक कार्सिनोमा जास्त करून खालच्या जबड्यात, पन्नाशी-साठीच्या बायकांत, एक्स-रेवर कडा धूसर. १९८५ मध्ये वर्णन झालं तेव्हा त्याला ट्यूमरच म्हणत होते, १९९२ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तो बिनाइनमध्ये बसला आणि २००५ मध्ये मॅलिग्नंटमध्ये गेला, म्हणजे जुनं पुस्तक हातात घेऊन रिपोर्ट लिहू नका. गंमत अशी की यातही ईडब्ल्यूएसआर१ तुटलेला सापडतो, अगदी टाळूवाल्यासारखा. म्हणजे फिश पॉझिटिव्ह आली आणि तुकडा रिट्रोमोलर (शेवटच्या दाढेमागच्या) भागातला असेल, तर तो हाडातून बाहेर आलाय की मऊ भागातून हाडात शिरलाय हे फिश सांगत नाही. मी अशा केसला ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि सीटी समोर आल्याशिवाय सही करत नाही, फॉर्मबरोबर फिल्म नसेल तर विद्यार्थ्याला ओपीडीत पाठवते आणि येताना त्याच पेशंटला विचारून यायला सांगते, किडनीचं, थायरॉइडचं, कुठलंही जुनं ऑपरेशन, आणि हो, पाठीच्या बाजूला कुशीत टाके आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये.