वादीने तेच तेच बोलायचं नाही

शनिवार-रविवार सकाळी दहा ते पाच, सदाशिव पेठेतला एक लहान हॉल, फी १,८०० रुपये, चहा दोनदा, जेवण आपलं आपण. कार्यशाळेचा विषय होता औपचारिक युक्तिवादशास्त्रातले संवादखेळ, म्हणजे वाद हा ठरलेल्या नियमांच्या खेळासारखा चाल-प्रतिचाल करत खेळायचा. नाव वाचून मी कधीच गेले नसते. कॉम्प्युटरला असलेल्या भाच्याने परस्पर पैसे भरून टाकले आणि वर म्हणाला, "मावशी, बावीस वर्षं साताऱ्याच्या कोर्टात तू हेच करतेस. जाऊन तर बघ."

पहिला तास कंटाळवाणा गेला. संगणकशास्त्रज्ञ फान मिन्ह डुंग यांचा १९९५ चा लेख, त्यात युक्तिवाद म्हणजे नुसते गोल आणि एकाने दुसऱ्याला खोडलं की बाण. गोलाच्या आत काय लिहिलंय हे विचारायचंच नाही. मी तिथेच हात वर केला. नोंदणीकृत खरेदीखत आणि चावडीवर बसणाऱ्या म्हाताऱ्याची तोंडी साक्ष, दोन्ही सारखेच गोल? सर म्हणाले, वजन कुणाचं किती हे बाण काढण्याआधीच ठरवून घ्यायचं. उत्तर तेव्हा पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

मग त्यांनी कॅरमच्या सोंगट्या काढल्या आणि वर्गाला जाग आली. पांढऱ्या वादीच्या, काळ्या प्रतिवादीच्या, मध्ये गोल-बाण काढलेला कागद. वादी एका गोलावर सोंगटी ठेवतो. प्रतिवादी त्याला खोडणारा गोल शोधतो, वादी त्या गोलाला खोडणारा. ज्याला पुढची चाल सापडत नाही तो हरला. प्रतिवादीने कुठूनही वार केला तरी वादीकडे उत्तर तयार असेल, तर ती वादीची जिंकण्याची योजना. आणि अशी योजना असणं हीच त्या युक्तिवादाची सिद्धता. बाकीचं जाळं सोडवत बसायची गरज नाही. एका मुद्द्याचा प्रश्न, त्या मुद्द्यापुरतीच झटापट.

खरी गंमत आहे ती तेच पुन्हा बोलायची मुभा कुणाला, या नियमात. मी माझंच उदाहरण टाकलं. बांधाच्या दाव्यात दोन साक्षीदार, गणपत म्हणतो शंकर खोटा, शंकर म्हणतो गणपत खोटा. दोन गोल, दोन बाण. 'ग्राउंडेड' नावाच्या कडक खेळात वादीला आपलं म्हणणं पुन्हा मांडता येत नाही. मी गणपत ठेवला, समोरच्याने शंकर ठेवला. माझ्याकडे उत्तर एकच, पुन्हा गणपत, आणि त्याला बंदी. हरले. मग त्याच कागदावर 'प्रिफर्ड' नावाचा सैल खेळ लावला. इथे वादीला पुनरुक्ती चालते, प्रतिवादीला नाही. गणपत, शंकर, गणपत, आणि समोरचा गप्प. जिंकले! तोच कागद, त्याच सोंगट्या. पहिल्या खेळात प्रश्न असतो 'हे मानावंच लागेल का', दुसऱ्यात 'हे धरून एखादी सुसंगत बाजू उभी राहते का'. गणपतची बाजू उभी राहते, तशी शंकरचीही राहते. कोर्टात आम्ही वर्षानुवर्षं या दोन प्रश्नांची गल्लत करत असतो, तारखा उगीच नाही वाढत.

तीन भावांचा कागद त्याहून भारी. थोरला म्हणतो मधला खोटा, मधला म्हणतो धाकटा खोटा, धाकटा म्हणतो थोरला खोटा. मी थोरला ठेवला, समोरच्याने धाकटा, मी मधला. मग त्याने शांतपणे माझीच थोरल्याची सोंगटी बोटाने मधल्यावर ढकलली. माझ्याच तोंडचं माझ्यावर. सैल खेळातसुद्धा याला माफी नाही, वादी तिथल्या तिथे हरतो. उलटतपासणीत हे मी दुसऱ्यांना शंभरदा केलंय. स्वतःवर आलं तेव्हा कळलं कसं लागतं ते.

प्राक्केन आणि सार्टर या दोघांनी कायद्यासाठी घडवलेल्या खेळात प्रतिवादीला बरोबरीचा वार पुरतो, वादीचा वार मात्र वरचढच लागतो. शाबित करायची जबाबदारी कुणावर, हे इतक्या थोडक्यात मी कुठे वाचलं नव्हतं. सरांनी न्यायदर्शन या जुन्या भारतीय तर्कशास्त्रातल्या वितंडेचा उल्लेख केला, स्वतःचा पक्ष न मांडता नुसतं समोरच्याचं खोडणं. खेळातला प्रतिवादी तेच करतो. यावर अर्धा तास बोलायला हवं होतं, दोन मिनिटांत उरकलं.

दुसरा दिवस घसरला. छापील वहीत सातव्या पानावर एक बाण उलटा होता, त्यावर पाऊण तास वाद घातल्यावर चूक सापडली. काळ्या सोंगट्या कमी पडल्या, आमच्या टेबलावर शर्टाचं बटण खेळलं. 'योजना असेल तर युक्तिवाद ग्राह्य, आणि ग्राह्य असेल तर योजना असतेच' याची सिद्धता जेवणानंतरच्या झोपेच्या वेळी वीस मिनिटांत फळ्यावर घासली. मागे बसलेल्या दोघांनी सरळ डोळे मिटले. तीच पहिल्या दिवशी सकाळी, त्या कंटाळवाण्या तासाच्या जागी घ्यायला हवी होती.

शेवटचा तास मात्र वसूल. ग्राउंडेड खेळात योजना पुरती लिहायची तर फांद्यांना फांद्या फुटून झाड अफाट वाढू शकतं. त्यावर मार्टिन कॅमिनाडा यांनी २०१५ मध्ये मांडलेला उपाय खेळून पाहिला. वादी फक्त 'हे असायलाच हवं' म्हणतो. प्रतिवादी 'हे असू शकतं', 'मान्य' किंवा 'मागे घेतो' म्हणतो. एका सरळ संभाषणात निकाल. माझ्या समोरचा इंजिनिअर मुलगा तीनदा 'मागे घेतो' म्हणाला तेव्हा मला उगाच भरून आलं. बावीस वर्षांत हा शब्द समोरच्या वकिलाकडून मोजून दोनदा ऐकलाय.

पाचात साडेतीन. वकील, कॉम्प्युटरवाले आणि घरात भांडकुदळ म्हणून ओळखले जाणारे, जरूर जा. गणित अजिबात नको असेल तर फक्त शनिवार करा, तसे ९०० घेतात. सोंगट्या घरच्या न्या. हॉलखाली चारचाकी लावायला जागा नाही.