जवसाच्या फुलासाठी एकच फ्रेम की फोकस स्टॅकिंग?

अगदी जवळून फोटो घेणारी मॅक्रो लेन्स हाती आल्यावर पहिल्या काही दिवसांतच एक अडचण प्रत्येकाला गाठते: पाकळी स्पष्ट येते तेव्हा केसर धूसर होतात आणि केसरांवर फोकस साधला की पाकळीची कड विरघळून जाते. यातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा आहेत. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/११ च्या आसपास लहान करून (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) मिळेल तेवढी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, एकाच फ्रेममध्ये घ्यायची, किंवा एफ/५.६ वर फोकस किंचित किंचित पुढे सरकवत बारा-पंधरा फ्रेम घेऊन त्या नंतर संगणकावर एकत्र करायच्या, म्हणजेच फोकस स्टॅकिंग. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या वावरांत मी गेले तीन हिवाळे या दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत, आणि हे लेखन त्या अनुभवापुरतेच आहे.

एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, सेन्सरवर फुलाची प्रतिमा प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराची घेतली, तर एफ/४ वर जेमतेम १ मिलिमीटर आणि एफ/११ वर साधारण अडीच मिलिमीटर खोली स्पष्ट येते. प्रतिमा प्रत्यक्षाएवढी घेतल्यास एफ/११ वरही १ मिलिमीटरच्या आतच समाधान मानावे लागते. एफ/२२ पर्यंत जाण्याचा मोह होतो, परंतु इतक्या जवळून प्रत्यक्षातील ॲपर्चर कॅमेऱ्यावरच्या आकड्यापेक्षा बरेच लहान ठरते आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. त्यामुळे सुमारे एक सेंटीमीटर खोलीचे फूल देठापासून टोकापर्यंत स्पष्ट हवे असेल, तर स्टॅकिंगला खरोखरच पर्याय नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फाल्गुनात झाडाखाली पडलेले पळसाचे ताजे फूल मी घरी आणतो, छपरीत खिडकीच्या उजेडात पाटावर ठेवतो आणि शांतपणे वीस फ्रेम घेतो. पोपटाच्या चोचीसारख्या वळलेल्या पाकळीपासून देठाकडच्या काळपट, मखमली लवेपर्यंत जी स्पष्टता तेव्हा मिळते, ती एका फ्रेममध्ये मला कधीही साधलेली नाही.

वावरातली गोष्ट मात्र वेगळी आहे. मागच्या डिसेंबरात हरभऱ्यात पेरलेल्या जवसाच्या दोन ओळी फुलावर आल्या होत्या. सकाळी आठच्या सुमारास धुऱ्यालगत, म्हणजे वावराच्या बांधालगत, ट्रायपॉड अगदी जमिनीजवळ लावून मी एका फुलाच्या चौदा फ्रेम घेतल्या. वारा पडलेला होता आणि फूल माझ्या डोळ्यांना पूर्ण स्थिर दिसत होते. संध्याकाळी संगणकावर फ्रेम जोडल्या, तेव्हा पाच केसरांपैकी दोघांच्या कडा दुहेरी आलेल्या होत्या, एकाभोवती फिकट कडे उमटले होते, आणि मागच्या पाकळीवरची गर्द निळी शीर केसरापाशी तुटून त्याच्या पलीकडे थोडी बाजूला सरकून पुन्हा सुरू झाली होती. सुताएवढ्या बारीक देठावरचे ते फूल मधल्या काही सेकंदांत केसभर हलले असावे. तेच फूल पुन्हा टिपण्याची सोय नव्हती, कारण जवसाचे फूल एका सकाळीपुरतेच असते आणि दुपारपर्यंत त्याच्या पाकळ्या गळून पडतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फुलावर तोच प्रयत्न केला आणि तोच दोष पुन्हा घरी आल्यावरच दिसला. माझ्यासाठी निर्णय याच एका गोष्टीने केला: स्टॅकिंगमधली चूक फूल गळून गेल्यानंतर कळते, तर एका फ्रेममधली चूक तिथेच, धुऱ्यावर बसल्या बसल्या, कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठे करून पाहता येते आणि लगेच दुसरी फ्रेम घेता येते. कपाशीच्या फुलाचेही असेच आहे. पहिल्या दिवशी पिवळसर-पांढरे असलेले फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेले असते, त्यामुळे कालचा फोटो आज दुरुस्त करता येत नाही.

एका फ्रेममध्ये अडीच मिलिमीटरच मिळणार असतील, तर ते कुठे खर्च करायचे हे आधी ठरवावे लागते. फुलाच्या ज्या भागांना महत्त्व द्यायचे, ते शक्यतो एका पातळीत येतील असा कोन शोधावा आणि कॅमेऱ्याची पाठ त्या पातळीला समांतर ठेवावी. जवसाकडे तिरके पाहिले तर जवळच्या एका पाकळीतच सगळी खोली संपते. तेच थेट वरून पाहिले, तर केसरांचा झुपका आणि पाकळ्यांचा मधला भाग दोन्ही पकडीत येतात व कडा हळूहळू मऊ होत जातात, आणि मला तरी ते मऊ होणे डोळ्यांना सुखावते. सकाळच्या उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ४०० ते ८०० ठेवल्यास १/२५० सेकंदाचा शटर स्पीड मिळतो आणि एवढ्यावर मंद झुळूक सहसा निभावते. कपडे वाळत घालायचा चिमटा बांबूच्या काडीला बांधून देठ फुलाच्या खाली हलकेच धरला, तर काम आणखी सोपे होते. चौदा फ्रेमसाठी मात्र हा आधार मला कधी पुरेसा वाटला नाही.

एफ/११ मुळे बॅकग्राउंड स्पष्ट उमटून नजरेला खुपेल, अशी शंका बरेच जण घेतात. पान फुलाच्या मागे चार बोटांवर असेल तर ती शंका रास्त आहे. पण फुलाच्या बाजूने पाहताना गुडघा टेकून थोडे खाली गेले आणि मागे लांबचा धुरा किंवा तुरीची रांग येऊ दिली, की इतक्या जवळून एफ/११ वरही मागचे सगळे हिरव्या-तपकिरी रंगात मिसळून जाते.

ज्यांचे काम प्रामुख्याने घरात, तोडलेल्या किंवा गळून पडलेल्या फुलांवर चालते, त्यांनी स्टॅकिंगच निवडावे, असे मला वाटते. ज्यांना झाडावरचे, उभ्या पिकातले फूल टिपायचे आहे, त्यांनी निदान पहिला हंगाम एकाच फ्रेमवर घालवून पाहावा आणि जवसाच्या वावरात नऊ वाजायच्या आत पोहोचावे. आमच्याकडे त्यानंतर वारा सुटतो.