जिनिंगच्या ऑफिसात अनबाउंड: हंगामभराच्या वापरानंतरचा अनुभव

पांढरकवड्याकडे आमचं जिनिंग आहे. कापसाची आवक सुरू व्हायच्या आधी ऑफिसच्या नेटवर्कवर अनबाउंड बसवलं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारं (डीएनएसचं) सॉफ्टवेअर. आता हंगाम आटोपलाय. काम चोख आहे, पण आपल्याकडच्या लाइटीला धरून एक खर्च आधीच जोडा. त्याबद्दल खाली.

आधी नावं सोडवायचं, म्हणजे हे पत्ते शोधायचं, काम राउटरकडे होतं आणि तो ऐन दुपारी मान टाकायचा. व्हॉट्सअ‍ॅप सुरू, कारण त्याचं कनेक्शन आधीच जोडलेलं. ई-वे बिलाची (माल रस्त्याने न्यायला लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) साइट मात्र उघडत नाही. गाठींचा ट्रक भरून उभा, आणि एवढा माल बिलाशिवाय सोडायचा कसा? काट्यावरचे काका खिडकीतून विचारायचे, "भाऊ, नेट तं चालू दिसते, मंग बिल काऊन निघून नाही राह्यलं?"

अशा वेळी ८.८.८.८ ला (गुगलचा सार्वजनिक डीएनएस) पिंग करा, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते कमांडने बघा. उत्तर येतंय आणि साइटच्या नावाने होस्ट सापडत नाही, तर लाइन ठीक, घोळ डीएनएसचा. मग एनएसलुकअप, ही डीएनएसला थेट नाव विचारायची कमांड. टाइमआउट आला तर सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही. एनएक्सडोमेन म्हणजे असं नावच नाही, आधी स्पेलिंग बघा. सर्व्हफेल आला तर सर्व्हर जागा आहे, पण त्याला उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही.

अनबाउंड नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जचं, फुकट. रूट सर्व्हरपासून (डीएनएसच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरपासून) स्वतः विचारत जातं आणि टीटीएल, म्हणजे उत्तराची मुदत, संपेपर्यंत ते जवळ ठेवतं. 'सर्व्ह-एक्स्पायर्ड' सुरू केलं की लाइन अडखळत असताना जुनं उत्तरही देतं. आपल्या भागात हे हवंच. डीएचसीपीत (पीसींना नेटवर्कची सेटिंग आपोआप देणारी सोय) दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाका असं बरेच जण सांगतात. टाकू नका. पहिल्याला जरा उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे जातं, त्याला टॅलीच्या पीसीचं ऑफिसातलं नाव माहीत नसतं, आणि बिलिंगवाल्यांची ओरड सुरू.

आता तो खर्च. उन्हाळी वादळात डीपी जळाली, काही दिवस लाइट नव्हती. आल्यावर पिंग व्यवस्थित, अनबाउंड सुरू, तरी जवळपास प्रत्येक साइटला सर्व्हफेल. डिग या एनएसलुकअपसारख्याच कमांडला '+सीडी' (पडताळणी नको) जोडून तेच नाव विचारलं तर उत्तर हजर! म्हणजे अडलं होतं डीएनएसेक पडताळणीत, उत्तर खरं आहे का ते त्यावरच्या डिजिटल सहीवरून तपासण्यात. तारीख पाहिली तर वादळाच्या दिवसाची. अनबाउंड चालतं त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटर बोर्डात घड्याळाचा सेल नाही; बंद होण्याआधी जपून ठेवलेली वेळच तो पुढे चालवतो. डीएनएसेकच्या सहीला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, त्यामुळे मागे पडलेल्या घड्याळाला आजची सही अजून लागूच झालेली दिसत नाही. वेळ इंटरनेटवरून घ्यावी तर टाइम सर्व्हर नावाने दिलेला, आणि नाव सोडवायचं अनबाउंडनेच. बसा मग.

तारीख हाताने टाकली, सगळं पूर्ववत. पुढे डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल सीआर२०३२ सेलसकट लावलं आणि बोर्ड, राउटर दोन्ही यूपीएसवर घेतले. त्यानंतरही लाइट रोजच जाते, सर्व्हफेल मात्र तसा आला नाही.

तक्रार एकच: पडदा-बटणं काही नाहीत, सगळं कॉन्फिग फाइलमध्ये. लिनक्सला हात लावणारं कोणी ऑफिसात नसेल तर राउटरमध्ये सार्वजनिक डीएनएसचे दोन पत्ते टाका आणि मोकळे व्हा. दोन-तीन पीसींना तेवढं पुरतं.